ज्या खर्चाची पावती मिळत नाही

‘हिशेब आजाराचा’ या सदरासाठी या वेळी मेंदूच्या आणि मनाच्या आजारांवर प्रश्न मागवले होते. उत्तरं देणारी मी निवृत्त समाजसेवा अधीक्षक. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार या दोन ओपीडींच्या मधल्या टेबलावर माझी नोकरी झाली. मी डॉक्टर नाही, म्हणून गोळीचा डोस विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. पैशाची मात्र सगळी वाचली.

प्रश्न : मेंदूच्या आजारांमुळे देशाचं अमुक लाख कोटींचं नुकसान, असं अधूनमधून छापून येतं. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या जुळवल्या. हे पैसे कोणाच्या खात्यातून जातात? की नुसती हवा?
(निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण)

उत्तर : हवा नाही, पण तुमच्या अर्थाने खतावणीही नाही. तुमच्याकडे एकीकडे नावे पडलं की दुसरीकडे जमा पडायलाच हवं. इथे पुष्कळ रकमा नावे पडतात आणि जमा कुठेच होत नाहीत, कारण त्या कोणी कोणाला दिलेल्याच नसतात. मिळायच्या होत्या, मिळाल्या नाहीत.

या विषयातला सगळ्यात गाजलेला आकडा युरोपचा आहे. ३० देश, ५१ कोटी लोक, मेंदूच्या आजारांचे १९ गट. त्यात डोकेदुखी, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), पक्षाघात, व्यसनं, सगळं आलं. २०१० या एका वर्षाचा खर्च निघाला ७९८ अब्ज युरो, त्या वेळच्या दराने साधारण ४८ लाख कोटी रुपये. लोकसंख्येने भागलं तर माणशी दीड हजार युरोंच्या वर, मग तो माणूस आजारी असो वा नसो. आता याची फोड बघा. डॉक्टर, रुग्णालय, औषधं यांचा वाटा ३७ टक्के. निवासी संस्था, सामाजिक सेवा, घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेची धरलेली किंमत, असा वैद्यकीय नसलेला खर्च २३ टक्के. आणि उरलेले ४० टक्के म्हणजे न झालेलं काम: रजा आणि वेळेआधी सुटलेली नोकरी. क्रमवारीत पहिला नंबर नैराश्य आणि त्याच्या कुळातल्या आजारांचा, ११३ अब्ज युरो. मग डिमेन्शिया, १०५ अब्ज. ज्यांना आपण ‘मोठे’ आजार म्हणून घाबरतो त्यातले मिरगी आणि पार्किन्सन्स प्रत्येकी १४ अब्जांच्या आसपास.

आपल्याकडचे आकडे आजारागणिक मिळतात. त्यातला एक चित्र स्पष्ट करणारा: मेंदू आणि मज्जासंस्थेच्या असंसर्गजन्य आजारांचा देशाच्या एकूण आजारभारातला वाटा १९९० साली ४ टक्के होता, २०१९ साली ८.२ टक्के. आजारभार म्हणजे अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि अपंगत्वात काढलेली वर्षं यांची बेरीज. मज्जासंस्थेच्या सगळ्या आजारांच्या भारात एकट्या पक्षाघाताचा हिस्सा ३७.९ टक्के. डोकेदुखी दुसरी, १७.५ टक्के. (डोकेदुखीला कोणी आजार म्हणत नाही. कामावरून ‘डोकं दुखतंय’ म्हणून घरी गेलेल्या बाईला काय ऐकून घ्यावं लागतं, ते मला विचारा.) मनाचे आजार यात धरलेले नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा, आणि २०१७ साली दर सात भारतीयांत एकाला त्यातला कुठला ना कुठला आजार होता.

आता तुमच्या ‘कोणाच्या खात्यातून’चं उत्तर. भिवंडीचा एक यंत्रमाग कामगार आमच्याकडे यायचा. वय चाळिशीतलं, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळणारं. उपचार जवळजवळ फुकट. माझ्या रजिस्टरात रुग्णालयाचा त्याच्यावरचा खर्च काही हजारांत बसला. मग मी त्याच्या बायकोला विचारलं, आता तुमचा सांगा. ती म्हणाली, “आमचा काय, सगळं तर इथे फुकटच मिळालं.” अर्धा तास बसवून एकेक काढून घेतलं. स्टेशनचे जिने त्याला चढवत नसत, म्हणून प्रत्येक फिजिओथेरपीला ओळखीचा टेम्पो. बाहेरून आणलेल्या डायपरच्या पिशव्या. ती घरी कपड्यांचे धागे कापायचं काम करायची, ते बंद. त्याची मागावरची मजुरी बंद. व्याजाने काढलेले पैसे, महिना शेकडा पाच. आणि थोरला मुलगा दहावीतून काढून मागावर कांडी भरायला लावलेला.

यातलं देशाच्या हिशेबात काय येतं? टेम्पो येतो, डायपर येतात, नवरा-बायकोची बुडालेली मजुरी येते. व्याज येत नाही. अर्थशास्त्री म्हणेल, ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलं, देशाचं काय गेलं? त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण त्या घराला सगळ्यात जड तेच होतं. आणि मुलगा? त्या वर्षाचा हिशेब मांडाल तर मुलगा कमावता झाला म्हणून घराचं उत्पन्न उलट सावरलेलं दिसेल. पुढची ४० वर्षं तो जे कमी कमावणार, ते एका वर्षाच्या पाहणीत मावत नाही. तेव्हा छापून येणारे आकडे फुगवलेले असतात अशी तुमची शंका असेल, तर माझी शंका नेमकी उलटी आहे.

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे. तीन वर्षांपासून डिमेन्शिया. रात्री उठून दार उघडून बाहेर जातात, आंघोळीला मारायला धावतात. मी खासगी शाळेत शिकवत होते, १८ हजार पगार होता, यांच्यासाठी सोडली. मिस्टर म्हणतात, “आपल्याला तसा खर्च काहीच नाही, गोळ्यांचे दोन हजार सोडले तर.” नणंद पुण्याला, ती फोनवर चौकशी करते. खर्च खरंच काही नाही का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांनी नकळत राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धतच सांगितली. तुम्ही शाळा सोडलीत तेव्हा देशाच्या उत्पन्नातून तुमचे १८ हजार वजा झाले. त्याऐवजी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी लावली असती तर तिचा पगार त्यात मिळवला गेला असता. तुम्ही आज दिवसरात्र जे करता ते मात्र कुठेच धरलं जात नाही, कारण त्याला पगार नाही.

हे काम मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली, करणाऱ्याचं काय बुडालं: तुमच्या बाबतीत महिना १८ हजार, वर पीएफ, दरवर्षीची वाढ, पाच वर्षं पुरी झाली असती तर ग्रॅच्युइटी, आणि उद्या परत नोकरी मागायला जाल तेव्हा ‘मधली वर्षं काय करत होता?’ या प्रश्नाची जी किंमत पडेल ती. दुसरी रीत, तुमच्या जागी माणूस ठेवला तर काय द्यावं लागेल. सांगलीतला दर तुम्ही ब्युरोला फोन करून विचारा. समजा बारा तासांचे ६०० रुपये म्हणाले. दिवसाची एक, रात्रीची एक, म्हणजे रोज १२०० आणि महिन्याला ३६ हजार. शिवाय तिचा चहा-जेवण, आणि ती न सांगता गावाला गेली की पुन्हा तुम्हीच. म्हणजे कुठल्याही रीतीने मोजा, गोळ्यांचे दोन हजार हा तुमच्या घरातला सगळ्यात छोटा आकडा आहे.

हे तुमच्याच घरात नाही. डिमेन्शियावरचा भारताचा पहिला मोठा अहवाल २०१० साली निघाला. तेव्हा देशात ३७ लाख रुग्ण धरले होते आणि समाजावरचा वार्षिक खर्च १४,७०० कोटी रुपये. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च घरच्यांच्या बिनपगारी शुश्रूषेचा होता. औषधोपचार एक तृतीयांशाच्याही आत. रुग्णांची संख्या नंतरच्या पाहणीत ६० वर्षांवरच्या लोकांत ८८ लाखांवर गेली आहे. शुश्रूषा कोण करतं तेही सरकारनेच मोजलंय. सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची ना कोणाची काळजी घेण्यात रोज १४० मिनिटं देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं.

खर्च मोजण्याच्या पद्धतीतला अजून एक तिढा सांगते, तो मला कायम खटकत आला. बुडालेलं उत्पन्न मोजताना माणसाचा पगार धरतात. तुमचे सासरे निवृत्त, म्हणजे त्यांचं बुडालेलं उत्पादन शून्य. तुमच्या सासूबाई आजारी असत्या आणि त्या कधीच नोकरीला नसत्या, तर त्यांचंही शून्य. मग कागदावर असं दिसतं की ४५ वर्षांच्या अधिकाऱ्याचा पक्षाघात महाग आणि ७० वर्षांच्या गृहिणीचा जवळजवळ फुकट. कुठल्या आजारावर सरकारने पैसा घालावा हे ठरवायला असे आकडे वापरले जातात, म्हणून हा तिढा फक्त पुस्तकी नाही.

आता करायचं काय. एक वही घ्या आणि एक महिना लिहा: रात्री किती वेळा उठलात, कपडे-चादरी किती वेळा बदलल्या, डॉक्टरकडे जायला कोणाची रजा पडली, गोळ्या-डायपरचे किती, रिक्षाचे किती. महिनाअखेरीला रविवारी मिस्टरांना बसवा, नणंदेला फोनवर घ्या, आणि वाचून दाखवा. रडू नका, भांडू नका, फक्त वाचा. मग सरळ मागा. नणंदेने एकतर दर तीन महिन्यांनी आठ-दहा दिवस वडिलांना सांभाळायला यावं, नाहीतर रात्रीच्या मावशीचा पगार वाटून घ्यावा. ‘कशी आहेस गं’चा फोन दोन्हींत बसत नाही. आणि कोणी ‘सुनेचं कर्तव्य’ काढलं तर सांगा की ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी आणि नातवंडांची जबाबदारी सांगतो. सून त्या यादीत नाही.

आणखी दोन कामं लगेच उरका. सासऱ्यांना समजून सही करता येते आहे तोवर पेन्शनच्या खात्याचं आणि घराच्या कागदांचं काय ते करून घ्या. नंतर कोर्टातून पालकत्व घ्यायला लागतं आणि ते लांबतं. दुसरं, मिस्टर प्राप्तिकराची जुनी पद्धत घेत असतील तर ज्येष्ठांच्या डिमेन्शियाच्या औषधोपचारावर वर्षाला एक लाखापर्यंत वजावट मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं. रक्कम फार वाचणार नाही. पण त्या निमित्ताने तुमच्या घरातला खर्च एकदा तरी सरकारी कागदावर येईल.

प्रश्न : माझ्या भावाला (वय २३, आयटीआय इलेक्ट्रिशियन) फिट्स येतात. कामावर फिट आली, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने काढलं. जिल्हा रुग्णालयातल्या गोळ्या फुकट आहेत, पण नातेवाईक म्हणतात फुकटच्या गोळीत दम नसतो, मोठ्या डॉक्टरकडे चला. तिकडे महिन्याला तीन हजार जातात, म्हणून मध्ये मध्ये खंड पडतो. आई म्हणते लग्न करून टाका.
(हिंगोली)

उत्तर : फुकटच्या गोळीत दम नसतो, हे वाक्य मी टेबलावर इतकं ऐकलंय की त्याचा वेगळा खर्च काढायला हवा होता. फिनोबार्बिटोन हे औषध फिट्सवर १९१२ पासून वापरात आहे. ते काय किंवा कार्बामाझेपिन काय, सरकारी दवाखान्यात मिळतात म्हणून ती औषधं हलकी होत नाहीत. नीट आणि नियमित औषध मिळालं तर दहातल्या सातजणांच्या फिट्स थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नियमित हा शब्द महत्त्वाचा. महागडी गोळी खंड पाडून घेण्यापेक्षा परवडणारी रोज घेतलेली बरी. कुठली, ते जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना ठरवू द्या आणि आत्ताची गोळी त्यांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नका. मध्येच तोडलेल्या गोळीने फिट्सची रांग लागून अपघात विभागात आलेली पोरं मी पाहिली आहेत. तिथलं एका रात्रीचं बिल वर्षाच्या औषधांहून मोठं असतं.

देशाच्या पातळीवर हाच हिशेब १९९९ च्या आकडेवारीवर मांडला गेला होता, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने. उपचार, प्रवास, बुडालेलं काम असं सगळं धरून मिरगीच्या एका रुग्णामागे वर्षाला १३,७५५ रुपये. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या दरडोई उत्पन्नाच्या तो ८८ टक्के होता. म्हणजे एका माणसाचा आजार जवळजवळ एका माणसाचं वर्ष खात होता. देशातल्या ५० लाख रुग्णांचा मिळून तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्धा टक्का भरला.

भावाची नोकरी. सगळंच काम बंद असं नाही. शिडीवरचं, उंचीवरचं, चालू लाइनवरचं काम त्याने करू नये. पॅनल बोर्डचं वायरिंग, दुरुस्तीचं टेबलावरचं काम, स्टोअर, अशी कामं त्याच्या शिक्षणातही बसतात. गाडी चालवायचा परवाना फिट्स येणाऱ्याला आपल्या कायद्यात मिळत नाही, तेव्हा दुचाकीवर फिरायच्या नोकऱ्या सोडून द्या. नवीन ठिकाणी आजार लपवू नका. शेजारी काम करणाऱ्या एकाला तरी फिट आल्यावर काय करायचं ते सांगून ठेवा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. पहिल्या ठेकेदाराने काढलं ते बहुधा दुष्टपणाने नाही, घाबरून.

लग्नाने फिट्स जात नाहीत. लग्न जरूर करा, पण समोरच्यांना आधी सांगून. कायद्याचं भय बाळगू नका. मिरगी आहे म्हणून लग्न रद्द ठरवायची तरतूद विवाह कायद्यातून १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलेली आहे.

आणि जाता जाता: भावाचा स्कॅन झाला नसेल तर करून घ्या. आपल्याकडे फिट्सचं एक मोठं कारण डुकरांमधल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाणं हे आहे. ती माणसाच्या उघड्यावरच्या विष्ठेतून पालेभाजीवर येतात, त्यामुळे शाकाहारी घरातही हा आजार होतो. म्हणजे हिंगोलीत बांधलेला संडास हा हिंगोलीतल्या फिट्सवरचाही खर्च आहे. आरोग्याच्या अंदाजपत्रकात तो तसा कोणी मांडत नाही.

प्रश्न : माझं अंबड एमआयडीसीत १४ माणसांचं वर्कशॉप आहे. एक सीएनसी ऑपरेटर, हाताला सोनं. चार-पाच महिन्यांपासून येतो पण रिजेक्शन (नापास होणारा माल) वाढलंय, दांड्याही वाढल्यात. बायको म्हणते झोपतच नाही, गप्प बसतो. मी धंदा करतो, धर्मशाळा नाही. किती दिवस सांभाळायचं?
(कारखानदार, नाशिक)

उत्तर : धर्मशाळा नाही हे मान्य करूनच बोलू. नवीन ऑपरेटर आणाल. तो तुमच्या मशीनवर, तुमच्या जॉबवर बसेपर्यंत दोन-तीन महिने रिजेक्शन तुमच्याच माथी. त्याउलट याचा आजार ओळखीचा आणि उपचाराचा दिसतो, म्हणजे निदान तपासून घेण्याजोगा तर नक्कीच. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांत जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात आणि एक लाख कोटी डॉलरचं उत्पादन जातं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याच संघटनेच्या अभ्यासात या दोन आजारांच्या उपचारावर घातलेल्या एका डॉलरमागे सुधारलेल्या तब्येतीतून आणि कामातून चार डॉलर परत येतात. तुमच्या कोणत्या मशीनवर हा परतावा आहे?

यासाठी दरवेळी मोठा मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना बसवून नैराश्य-चिंतेच्या रुग्णांवर उपचार करून पाहिले. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांमध्ये रुग्ण जास्त बरे झाले आणि पुढच्या हिशेबात एकूण खर्चही वाचलेला निघाला. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत असंच काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत अमरावतीचं नाव जितक्या वेळा येतं, त्याच्या शतांश वेळा तरी हे यायला हवं होतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर १४ माणसं म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू. या कामगाराचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर तो विमाधारक आहेच, आणि तुम्ही दरमहा त्याचा हप्ता भरताच. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार ईएसआय देतं, तुम्ही नाही. शिवाय ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. तीत पक्षाघात, पार्किन्सन्स, स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, डिमेन्शिया हे सगळे आहेत. त्यांच्यासाठी ८० टक्के पगार, दोन वर्षांपर्यंत. किती वर्षं नोकरी, किती दिवसांची वर्गणी, अशा अटी आहेत, त्या शाखा कार्यालयात विचारा. माझा अनुभव असा की कामगारांना हे माहीत नसतं आणि मालकांना कार्ड काढून देण्यापलीकडे त्यात रस नसतो.

त्याला केबिनमध्ये बोलावून ‘तुला काय झालंय’ विचारू नका. चहा घेताना म्हणा, झोप लागत नाही असं ऐकलं, ईएसआयच्या दवाखान्यात दाखवून ये, दिवस भरला धरतो. त्याच्या बायकोला १४४१६ हा नंबर द्या. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, फुकट, मराठीत बोलता येतं. काही दिवस रात्रपाळी आणि एकट्याचं मशीन टाळा. आणि एक थेट विचारा, कचरू नका: जगणं नको वाटतं का? विचारल्याने कोणी तसं करत नाही. हो म्हणाला, तर त्याच दिवशी त्याला एकटं न सोडता डॉक्टरकडे न्या. रिजेक्शनचं नंतर बघता येईल.

प्रश्न : आरोग्य केंद्रात बीपी निघालं. तीन महिने गोळी घेतली, आता नॉर्मल आहे. गोळी बंद केली तर चालेल का? केंद्र १२ किलोमीटरवर, कधी गोळ्या असतात, कधी नसतात. मेडिकलमधून आणल्या तर पैसे जातात.
(शेतमजूर महिला, चंद्रपूर जिल्हा, मुलीने लिहून पाठवलेलं पत्र)

उत्तर : हा प्रश्न गोळीचा आहे, तरी घेतला, कारण मुळात तो पैशाचाच आहे. बाई, बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. बंद केली की ते पुन्हा चढेल आणि चढलेलं कळणार नाही, दुखत-खुपत नसतं त्याचं. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या लोकांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले होते. दर सात मृत्यूंत एक लकव्याने, आणि लकव्याने गेलेल्या दहातले जवळजवळ नऊ घरीच गेले. शहरात लकव्याच्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत पोचवलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. तुमच्या गावाहून साडेचार तासांत सीटी स्कॅनची मशीन गाठणं कसं जमायचं, ते तुम्हीच जाणता. म्हणून तुमच्यासाठी खरा उपचार ही रोजची गोळीच.

आणि त्यातून माणूस जगला तरी खर्च संपत नाही. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशन कार्ड दाखवून; पण ते दवाखान्यात भरती असेपर्यंत. घरी आल्यावर बाजेवरच्या माणसाचं करायला तुमची मुलगी शाळा सोडून बसेल. ज्या मुलीने हे पत्र लिहिलं तीच.

तेव्हा केंद्रातल्या सिस्टरांना सांगा, की ३० दिवसांच्या गोळ्या एकदम द्या. दर दहा दिवसांनी १२ किलोमीटर यायचं तर महिन्याला तीन दिवसांची मजुरी जाते, हे त्यांना आकड्यात सांगा. बीपीच्या रुग्णाला महिन्याचा साठा देता येतो. तुमच्या गावच्या उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळण्याची सोय होते का, तेही विचारा. गोळ्या संपल्या असं उत्तर आलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे मुलीकडून दोन ओळींचा अर्ज लिहून घ्या, तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. काय म्हणाले ते मला याच पत्त्यावर कळवा.